जवानांना वस्तू लवकर हवी असते, मग ऑर्डर उशिरा का येते? चाकण-भोसरीच्या छोट्या उद्योजकांसाठी



मागे मोशीत आपली एक दिवसाची कार्यशाळा झाली. संपल्यावर सगळे चहाला गेले, एक मुलगा मात्र मागे थांबला. चाकणला ईव्हीच्या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं नोकरी. त्याने घरी एक वस्तू बनवली होती: ड्रोनची बॅटरी थंडीत गरम ठेवणारी पिशवी. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरीची ताकद एकदम उतरते, ड्रोन अर्ध्या वेळातच खाली येतं, हे त्याला माहीत होतं. पिशवी त्याने मला उघडून दाखवली. काम नेटकं होतं. मग म्हणाला, "सर, लडाखला पोस्टिंग असलेल्या माझ्या मावसभावाला दाखवली, त्यांना जाम आवडली. पस्तीस लाख लागतील. मोशीचा फ्लॅट तारण ठेवू का?"

त्याला मी तिथे उत्तर दिलं नाही. म्हटलं, दोन दिवस दे. त्याला जे सांगितलं तेच व्हिडिओत थोडक्यात आहे, इथे सविस्तर लिहितोय. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. ऑपरेशन सिंदूरनंतर आपल्या पट्ट्यात दर तिसरा माणूस 'डिफेन्समध्ये काहीतरी करायचंय' म्हणतोय.

पहिली गोष्ट. जवानाला वस्तू आवडली म्हणजे सैन्याने वस्तू मागितली असं होत नाही. आपल्याकडे दुकानदाराला माल आवडला तर तो गल्ल्यातून पैसे काढतो. सैन्यात वापरणारा वेगळा, मागणी लिहिणारा वेगळा, मंजुरी देणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि पैसे देणारा आणखी वेगळा. पाचही जणांना वस्तू पटलेली असू शकते आणि तरी ऑर्डर निघत नाही, कारण पाच जणांच्या सह्या एका ठरलेल्या क्रमाने व्हाव्या लागतात.

तो क्रम एकदा समजून घ्या. मोठी खरेदी, म्हणजे तोफ, वाहन, रडार, ड्रोन, ही 'डिफेन्स अ‍ॅक्विझिशन प्रोसिजर २०२०' या नियमावलीने होते. आधी सैन्य बाजारात विचारतं की अशी वस्तू कोण देऊ शकेल. त्याला आरएफआय म्हणतात. मग वस्तूकडून नेमकं काय हवं ते लिहिलं जातं, ते गुणवत्तेचे निकष. मग 'अ‍ॅक्सेप्टन्स ऑफ नेसेसिटी', सोप्या मराठीत 'ही वस्तू लागतेच' अशी अधिकृत मान्यता. मोठ्या प्रकरणांत ती संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद देते. त्यानंतर निविदा, कागदी तांत्रिक तपासणी, मैदानी चाचण्या, किमतीची बोलणी, अर्थखात्याची मान्यता आणि शेवटी करार.

यातला मैदानी चाचण्यांचा टप्पा छोट्या माणसाला सगळ्यात महाग पडतो. चाचण्या 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' तत्त्वावर असतात. म्हणजे तुमची वस्तू, तुमचा ट्रक, तुमची माणसं, तुमचा खर्च. उन्हाळ्यात राजस्थानच्या वाळवंटात, हिवाळ्यात उंचावरच्या थंडीत. आणि शेवटी ऑर्डर मिळेलच असं कोणीही म्हणणार नाही. एक हिवाळा हुकला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबा. थंडीला फाइलशी काही देणंघेणं नसतं.

वेळ किती लागतो याचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. एटीएजीएस ही १५५ मिलिमीटरची ओढून न्यायची तोफ. रचना पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेची, सोबत भारत फोर्ज आणि टाटा. काम सुरू झालं २०१३ मध्ये. २०१७ मध्ये पोखरणला तिने ४७-४८ किलोमीटरपर्यंत मारा केला, तेव्हा पेपरात मोठमोठे मथळे आले. २०२० मध्ये चाचणीदरम्यान एका तोफेची नळी फुटली, पुन्हा तपासण्या झाल्या. १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावरच्या सलामीत ती गाजली. आणि ३०७ तोफा आणि त्या ओढणाऱ्या ३२७ वाहनांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार कधी झाला? २६ मार्च २०२५ ला. बारा वर्षं. भारत फोर्जला बारा वर्षं परवडतात. त्यांच्या ताळेबंदात मोटारींचे क्रँकशाफ्ट बसलेत. तुमच्या-माझ्या ताळेबंदात घराचा हप्ता बसलाय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लाल फितीमुळे, बाबू लोकांमुळे. अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं ऐका. १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफा घेतल्या गेल्या, १९८७ मध्ये लाचेचा गौप्यस्फोट झाला, आणि त्यानंतर मोठ्या तोफांची नवी खरेदी जवळपास तीन दशकं अडकून राहिली. गंमत बघा, तीच तोफ १९९९ मध्ये कारगिलला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. पण त्या प्रकरणाने सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक धडा दिला: उशीर केला तर कोणी विचारत नाही, सही चुकली तर निवृत्तीनंतरही चौकशी सुटत नाही. तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं, प्रामाणिकपणे सांगा.

आणि घाईचीही एक गोष्ट आहे. कारगिलच्या वेळी तातडीने खरेदी सुरू झाली. पुढे २००१ च्या अहवालात कॅगने दाखवून दिलं की त्या तातडीच्या खरेदीतला बहुतेक माल लढाई थांबल्यानंतर पोचला. म्हणजे नियम बाजूला ठेवले, पण कारखान्यात माल तयारच नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच येणार आहे.

बुलेटप्रूफ जॅकेटचं प्रकरण तर मला कधीच विसरता येत नाही. २००९ पासून मागणी. २०१६ मध्ये तात्पुरती ५०,००० जॅकेट घेतली, आणि १,८६,१३८ जॅकेटचा ६३९ कोटींचा मुख्य करार झाला एप्रिल २०१८ मध्ये. मधली नऊ वर्षं सीमेवरच्या माणसाने काय घातलं असेल? आपण निकष, लॅब, ट्रायल असे शब्द वापरतो तेव्हा त्या टोकाला हा माणूस उभा असतो.

मग लवकर काही होतच नाही का? होतं. त्यासाठी वेगळा दरवाजा आहे: आपत्कालीन खरेदी. २०१६ च्या उरी हल्ल्यानंतर, २०१९ च्या बालाकोटनंतर, २०२० च्या गलवाननंतर सैन्यदलांना हे अधिकार दिले गेले. एका प्रकरणाला साधारण ३०० कोटींपर्यंत, आणि माल एका वर्षाच्या आत मिळायला हवा. २०२५ मध्ये दहशतवादविरोधी कामासाठी याच मार्गाने १३ करार झाले, एकूण १,९८१.९० कोटींचे. त्यात काय होतं बघा: ड्रोन शोधून पाडणारी यंत्रणा, हलकी रडार, घिरट्या घालणारा दारूगोळा, बुलेटप्रूफ जॅकेट, हेल्मेट, रायफलीच्या रात्रीच्या दुर्बिणी, वेगवान चिलखती गाड्या.

आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे कल्याणी एम-४. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत फोर्जला १७७.९५ कोटींची ऑर्डर मिळाली, आपत्कालीन मार्गाने. एप्रिल २०२२ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नरवणे यांच्या हस्ते पहिल्या गाड्या पुण्यातच सैन्यात दाखल झाल्या. चौदा महिने. तीच कंपनी, तेच सैन्य, तेच मंत्रालय. तोफेला बारा वर्षं आणि गाडीला चौदा महिने, असं का?

कारण ऑर्डर आली तेव्हा गाडी कागदावर नव्हती. ती दक्षिण आफ्रिकेच्या पॅरामाउंट ग्रुपच्या आधीच तयार असलेल्या रचनेवरची होती, आणि लडाखच्या उंचीवर आणि कच्छच्या रणात चालवून पाहिलेली होती.

नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचंही तसंच. जानेवारी २०२१ मध्ये सैन्याने त्यांच्याकडून 'स्विच' ड्रोन घेतले, सुमारे १४० कोटींचे. बातमी वाचून सगळ्यांना वाटलं, वा, स्टार्टअपला लॉटरी लागली. अहो, आयआयटी मुंबईच्या त्या मुलांनी कंपनी सुरू केली २००७ मध्ये! चौदा वर्षं त्यांनी पोलिसांना, सर्वेक्षणवाल्यांना, जो घेईल त्याला ड्रोन विकले. दार उघडलं तेव्हा ते दारात उभे होते. आणि नाण्याची दुसरी बाजूही बघा. २०२३-२४ मध्ये त्यांची विक्री ३१४ कोटींच्या आसपास होती, पुढच्या वर्षी ती १६१ कोटींच्या आसपास आली. आपत्कालीन ऑर्डर पावसासारखी असते. येते तेव्हा धो धो, नाही तेव्हा आभाळ कोरडं. शेअर बाजारातून पैसा उभारलेली कंपनी असा कोरडा काळ काढू शकते. भोसरीतला पाच कामगारांचा गाळा किती महिने काढेल, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

वेगवान मार्ग म्हणजे हमखास मार्ग, असंही समजू नका. कार्बाइनचं बघा. जवळच्या लढाईसाठी आखूड बंदूक हवी म्हणून 'फास्ट ट्रॅक'ने ९३,८९५ कार्बाइन घ्यायच्या ठरल्या, २०१८ मध्ये अमिरातीच्या कॅराकल कंपनीची बोली सर्वात कमी ठरली, आणि २०२० मध्ये सगळंच रद्द झालं. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये ४.२५ लाखांहून अधिक कार्बाइनचे २,७७० कोटींचे करार झाले, त्यात भारत फोर्जच्या वाट्याची कार्बाइन पुन्हा आपल्या पाषाणच्या एआरडीईच्या रचनेची.

हा त्रास फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. २००२ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी जवान गुहा तपासताना दोरीला आकडा बांधून आत फेकत होते, कारण दुसरं काही नव्हतं. तेव्हा एका कर्नलला जबाबदारी दिली गेली, आणि बाजारात मिळणारे छोटे रोबोट काही आठवड्यांत त्या गुहांच्या तोंडाशी पोचले. त्यातून 'रॅपिड इक्विपिंग फोर्स' नावाचं पथक उभं राहिलं. शोध लावायचा नाही, तयार असेल ते उचलायचं आणि जवानाच्या हातात द्यायचं, एवढंच त्यांचं काम. इथेही तेच, तयार असेल ते. ते पथकही २०२१ मध्ये बंद झालं म्हणा.

आता मूळ मुद्दा. 'तयार' म्हणजे काय? हे मी भोसरीच्या एका मित्राच्या गोष्टीतून सांगतो. नाव नको म्हणालेत, आपण त्यांना दादा म्हणू.

दादांचा पत्र्याच्या कामाचा छोटा कारखाना. लेझर कटिंग बाहेरून, बेंडिंग आणि वेल्डिंग घरात. मुख्य काम मोटार कंपनीच्या व्हेंडरच्या व्हेंडरला ब्रॅकेट. काही वर्षांपूर्वी त्यांनी वायरलेस सेटच्या बॅटऱ्या चार्ज करायची एक मजबूत पेटी बनवली. ओळखीतून एका युनिटमध्ये दाखवायला नेली. जवानांनी उचलून पाहिली, आपटून पाहिली, खूश झाले. साहेब म्हणाले, "बहुत बढिया." दादा परत आले ते स्वप्न घेऊनच. नवा साचा, नवे नमुने, दोनदा दिल्लीवारी, एक प्रदर्शन. नऊ लाख गेले. दोन वर्षं. ऑर्डर शून्य. कोणी त्यांना फसवलं नव्हतं. साहेब खरंच खूश होते. पण त्या पेटीची मागणी कुठल्याही कागदावर नव्हती, आणि दोन वर्षांत साहेबांची बदली झाली.

त्या नऊ लाखांतून एक गोष्ट मात्र हाती आली. दाखवायला नेलेल्या दिवशी एका हवालदाराने पेटी उघडायच्या आधी खिशातून जाडे हातमोजे काढून घातले. पेटीचं कुलूप त्याला उघडेना. तो म्हणाला, "भाई, वहाँ दस्ताने निकाले तो उंगली जाएगी." दादांनी परत येऊन लॅच बदलला, मोठा, मुठीने ओढता येईल असा. तेवढंच.

पुढे पुण्याजवळच्या एका ड्रोन कंपनीला आपत्कालीन ऑर्डर मिळाली. नाव इथेही नको. त्यांना बॅटरी ठेवायच्या ६०० पेट्या हव्या होत्या, नऊ आठवड्यांत. चार जणांकडून नमुने मागवले. तिघांच्या पेट्या दादांपेक्षा स्वस्त होत्या. पण हातमोजे घालून उघडणारी एकच होती. शिवाय दादांकडे त्या जुन्या खटाटोपातला चाचणीचा अहवाल होता, धूळ-पाण्याचा, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचा. पत्र्याच्या प्रत्येक लॉटचं मटेरियल सर्टिफिकेट फाइलला लावलेलं. म्हणजे बघा, जी पेटी सैन्याने घेतली नाही, तिनेच सैन्याच्या पुरवठादाराचं दार उघडलं.

इथे आपले बरेच भाऊ-बहिणी टाळ्या वाजवून थांबतात. थांबू नका, आकडे बघा.

एक पेटी ४,२०० रुपये, ६०० पेट्या, म्हणजे २५ लाख २० हजार. अ‍ॅल्युमिनियम, गॅस्केट, लॅच, नट-बोल्ट मिळून पेटीमागे २,१००, म्हणजे १२ लाख ६० हजार. कोटिंग ३५० रुपयांनी २ लाख १० हजार. मजुरी, वीज, बाहेरचं कटिंग ९०० रुपयांनी ५ लाख ४० हजार. चाचण्या १ लाख ३० हजार. खर्च झाला २१ लाख ४० हजार. नफा ३ लाख ८० हजार, जवळपास पंधरा टक्के. वाईट नाही.

पण अ‍ॅल्युमिनियमवाला सात दिवसांत पैसे मागतो. ड्रोन कंपनीची अट माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस, आणि प्रत्यक्षात पैसे आले ११० दिवसांनी, कारण त्यांचंही वरून अडकलं होतं. जीएसटी मात्र पैसे आले नाहीत म्हणून थांबत नाही; इनपुट क्रेडिट वजा जाता एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास खिशातून भरावे लागले. सगळा पैसा साधारण चार महिने अडकला असं धरलं तर १२ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर ८५ हजारांचं व्याज. नफा आला तीन लाखांच्या खाली.

आणि मग तो फोन आला. दुसऱ्या लॉटमधल्या २०० पेट्या तपासणीत थांबवल्या. कारण? गॅस्केट. ठरलेल्या ब्रँडचं गॅस्केट बाजारात नव्हतं, दादांच्या मुलाने दुसरं आणलं. दिसायला तेच, उलट तीन रुपयांनी स्वस्त. कोणाला विचारलं नाही. पाणी आत गेलं नव्हतं, पेटी नापास झाली नव्हती. फक्त कागदावर लिहिलेलं गॅस्केट आणि पेटीतलं गॅस्केट वेगळं होतं. मोटारीच्या कामात असं कधी कधी खपून जातं. इथे नाही. बारा दिवस गेले. तिकडे ड्रोन तयार, पेट्या नाहीत. कंपनीच्या खरेदी विभागातले गृहस्थ निवृत्त सुभेदार होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, तुमच्यासाठी बारा दिवस. वर पोस्टवर ते बारा रात्री असतात." दादा हे सांगताना अजूनही थोडे थांबतात.

तर 'तयार' या शब्दात हे सगळं येतं. वस्तू, लॅबचा अहवाल, प्रत्येक भागाचा माग, ठरलेल्या गोष्टीत न विचारता बदल न करण्याची शिस्त, आणि चार महिने पैसे अडकले तरी न डगमगणारी कॅश. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. म्हणून ऑर्डर घेतानाच बोला. तीस टक्के अ‍ॅडव्हान्स मागितला असता तर दादांच्या हातात सुरुवातीलाच साडेसात लाख आले असते. त्यांनी मागितलाच नाही. लाजले. नंतर मला म्हणाले, "देशाचं काम आहे, पैसे कसे मागायचे?" मी म्हटलं, अ‍ॅल्युमिनियमवाल्याने मागितले ना?

उद्यम नोंदणी असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं, आणि वेळेत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही अशी तरतूदही आता आहे. ऑनलाइन तक्रारही करता येते. पण खरं सांगू का, चालू गिऱ्हाइकावर तक्रार करायला फार कमी लोक धजावतात. त्यापेक्षा टीआरईडीएसवर बिल टाकून बँकेकडून आधी पैसे घेणं जास्त शहाणपणाचं. त्यासाठी मोठी कंपनी त्या प्लॅटफॉर्मवर हवी, हे ऑर्डर घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

आता त्या पिशवीवाल्या मुलाकडे येऊ. त्याला तीन वाटा दाखवल्या.

एक, आयडेक्स. २०१८ मध्ये सुरू झालेली संरक्षण मंत्रालयाची योजना. सैन्यदलं आपल्या अडचणी जाहीर करतात, तुम्ही उत्तर मांडायचं. निवड झाली तर नमुना बनवायला दीड कोटीपर्यंत अनुदान, आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटीपर्यंत, अदिती योजनेत पंचवीस कोटीपर्यंत. इथे फायदा असा की मागणी आधीच कागदावर असते, दादांसारखी हवेत नसते. २०२२ मध्ये नियम सोपे करताना मान्यतेपासून करारापर्यंत साधारण २२ आठवडे, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पण दोन गोष्टी नीट ऐका. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं, आणि तेवढाच हिस्सा तुम्हालाही घालावा लागतो. फुकट पैसे समजून उडी मारू नका. आणि तुमच्या वस्तूसाठी अडचण जाहीर झालेली नसेल तर आपली वस्तू ओढूनताणून दुसऱ्याच अडचणीत बसवू नका. परीक्षकांना ते पहिल्या पानावर कळतं.

दोन, छोटे सुटे भाग. सृजन पोर्टलवर परदेशातून येणाऱ्या हजारो वस्तूंच्या याद्या आहेत, ज्या सरकारी कंपन्यांना आणि दलांना देशात बनवून हव्या आहेत. सील, बुश, कनेक्टर, केबल. दिसायला कंटाळवाण्या, पण आपल्या पट्ट्याला हेच तर येतं! जेम पोर्टलवर नोंदणी ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते, आणि सरकारी खरेदीचा २५ टक्के वाटा तुमच्यासाठी आहे. रोजच्या खरेदीसाठीची नवी नियमावली, डिफेन्स प्रोक्युरमेंट मॅन्युअल २०२५, १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नवीन वस्तू विकसित करणाऱ्याला उशिराच्या दंडात तिने बरीच सवलत दिली आहे. भौगोलिकदृष्ट्या तर आपण नशीबवान. दिघीला आर अँड डीई, पाषाणला एआरडीई, खडकीला दारूगोळा कारखाना आणि बेस वर्कशॉप, देहूरोडला ऑर्डनन्स कारखाना आणि डेपो. २०२४ च्या फेब्रुवारीत तर एमएसएमई डिफेन्स एक्स्पो मोशीतच भरला होता. चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ जातो तेवढ्या वेळात दिघी गाठता येते.

तीन, दादांची वाट. सैन्याला थेट नाही, सैन्याला पुरवणाऱ्याला.

मी त्याला तिसरी वाट धर म्हटलं. पिशवी ही काही सैन्य स्वतंत्र निविदा काढून घेईल अशी वस्तू नाही. ती ड्रोनसोबत जाईल. म्हणजे त्याचं गिऱ्हाईक लडाखमधला मावसभाऊ नाही, ड्रोन बनवणारी कंपनी आहे. मावसभाऊ त्याचा परीक्षक आहे, आणि फार मोलाचा आहे. हातमोजे घालून उघडून बघायला त्याच्याइतका चांगला माणूस दुसरा नाही.

मग मी विचारलं, पिशवीतलं कंट्रोलर सर्किट कुठलं? तो गप्प. ऑनलाइन मागवलेलं, चिनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्यासाठीच्या ४०० ड्रोनचे तीन करार रद्द झाले, सुमारे २३० कोटींचे, चिनी भागांच्या कारणावरून. एवढे मोठे पुरवठादार बाहेर पडले. एका पिशवीतल्या ऐंशी रुपयांच्या बोर्डामुळे आपलं ड्रोन अडकावं असं कुठली कंपनी ओढवून घेईल? तेव्हा आधी बोर्ड बदल, प्रत्येक भाग कुठून आला त्याची यादी कर, बिलं जपून ठेव.

फ्लॅटबद्दल मी स्पष्ट नाही म्हटलं. पस्तीस लाखांचा आकडा त्याने १,००० पिशव्यांचा धरला होता. कोणी मागितल्या १,०००? वीस पिशव्या बनव. एका लॅबमध्ये थंडीची आणि कंपनाची चाचणी करून घे. सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी जेएसएस ५५५५५ हे चाचणीचं मानक आहे, त्यातलं कोणतं कलम आपल्याला लागू होतं ते लॅबवाल्याकडून समजून घे. सगळं मिळून चार-साडेचार लाख. नोकरी सोडू नकोस. आणि पिशवी सैन्याशिवाय आणखी कोणाला लागेल ते शोध. हिमाचलात सर्वेक्षण करणारे, गिर्यारोहणाचं चित्रीकरण करणारे, थंड भागातले बचाव पथकवाले. सैन्याची ऑर्डर आली नाही तर त्या महिन्याचं भाडं यांच्याकडून निघालं पाहिजे.

त्याला ते फारसं आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. पस्तीस लाखांचं स्वप्न साडेचार लाखांवर आलं की कोणालाही उदास वाटतंच.

परवा त्याचा मेसेज आला. वीस नाही, चोवीस पिशव्या झाल्यात. बोर्ड आता भोसरीतल्या एका माणसाकडून बनवून घेतो, ऐंशीऐवजी दोनशे दहा रुपये पडतात. लॅबमध्ये दोन पिशव्यांची शिवण थंडीत कडक होऊन उसवली, म्हणून धागा बदलला. तीन ड्रोन कंपन्यांना नमुने पाठवले. एकीने उत्तर दिलं नाही, एकीने आकार बदलून मागितला, आणि तिसरीने विचारलंय: महिन्याला किती देऊ शकाल, आणि साखळी हातमोजे घालून उघडते का?